सोनकीचा टाका

एका जंगलात वाघापेक्षा कचऱ्याची भीती जास्त होती.

हसू नका, बाळांनो. वाघ महिन्यातून एखाद्याला खायचा, आणि ज्याला खाल्लं तो काही तक्रार करायला परत येत नसे. कचऱ्याचं तसं नव्हतं. कचरा दिसायचा. आणि त्या जंगलात दिसणाऱ्या गोष्टींचीच लाज वाटायची.

हा कचरा भेटवस्तूंचा होता. पूर्वी कुणाचं बारसं असलं, लग्न असलं, कुणी नवं बीळ खणलं, की मंडळी मूठभर बोरं घेऊन जायची आणि समोरच्याच्या हातावर ठेवायची. घेणारा तिथंच खायचा. संपलं.

मग जंगलाच्या कडेनं रस्ता गेला. रस्त्यानं जाणारी माणसं चकचकीत कागद फेकू लागली. माकडांनी ते गोळा केले. तेव्हापासून बोरं नुसती हातावर ठेवणं कमीपणाचं झालं. बोरांना कागद, कागदाला फीत, फितीवर फूल. तीन बोरांना कागद एवढा, की त्यात रानडुक्कर झोपलं असतं. कागदासाठी माकडांना मधाचं पोळं द्यावं लागे. आणि घेणारा तो कागद एका झटक्यात टराटरा फाडून टाकी.

ओढा तुंबला. एका हरणीच्या पोटात फीत गेली. आता करायचं काय, म्हणून सगळे एकमेकांकडे बघत बसले.

ओढ्याकाठच्या उंबरावर दोन शिंपी पाखरं राहत होती. शिंपी म्हणजे ते इवलंसं हिरवट पाखरू. चोचीची सुई करून पानं शिवतं आणि त्यात घरटं करतं. थोरली बहीण सोनकी. धाकटा भाऊ भुंड्या. आईबाप एका वादळात गेले होते. तेव्हापासून सोनकीनंच त्याला भरवलं, उडायला शिकवलं आणि दिवसातून दहा वेळा बदडलं.

भुंड्याला शेपटी नव्हती. एकदा एक घोरपड सोनकीला काहीतरी वाकडं बोलली, तर हा सरळ तिच्या अंगावर गेला. घोरपडीनं शेपटी ठेवून घेतली. असा तो. आधी झेप घ्यायची आणि मग कुठं उतरायचं ते बघायचं. सोनकीनं शिवण शिकवायचा प्रयत्न केला, पण त्याच्या चोचीत पान आलं की फाटलंच.

तर या सोनकीनं कचऱ्यावर उपाय काढला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. फीत गिळलेली हरणी तिच्या उंबराखालीच मेली, म्हणून काढला.

पळसाचं गळून पडलेलं पान घ्यायचं. ओढ्यात भिजवायचं, म्हणजे मऊ होतं. त्यात बोरं ठेवून चार बाजूंनी दुमडायचं आणि कोळ्याच्या जाळ्याच्या दोऱ्यानं शिवायचं. वर कुर्डूचा गुलाबी तुरा खोचायचा. दिसायला असा, की माकडाच्या कागदाकडं कुणी ढुंकून बघू नये. खर्च काही नाही. पान वाळलं, फाटलं, की झाडाखाली टाकायचं. वाळवी खाते.

आणि खरी गंमत टाक्यात होती. सोनकीचा टाका सरकता होता. दोऱ्याचं एक टोक बाहेर सोडलेलं असायचं. ते धरून ओढलं, की सगळा पुडा फुलासारखा उघडायचा. पान जसंच्या तसं. पुन्हा वापरा.

"आक्का, एवढं नटवून शिवायचं आणि पुन्हा उसवायचं?" भुंड्या म्हणायचा.

"अरे मेल्या, पुडा उघडायसाठीच असतो. उघडायचाच नसता तर दगड काय वाईट होता?"

"मी फाडूनच उघडणार."

"फाडशील तर टाळकं फोडीन. ओढायला शीक. सारखं काय फाडायचं!"

महिनाभरात सगळ्या जंगलात सोनकीचे पुडे फिरू लागले. ओढा मोकळा झाला. बोरं खाल्ली जात होती, पानं पुन्हा वापरली जात होती, सगळं ठीक चाललं होतं.

आणि जंगलात काहीही ठीक चाललं, की एक समिती नेमतात.

कचरामुक्ती समितीचा अध्यक्ष मोर होता. तो काही करत नसे, पण ते इतकं देखणं करत असे, की दुसरं कुणी अध्यक्ष शोभलं नसतं. चिटणीस माकड. त्याचा कागदाचा धंदा बुडाला होता, त्याला काहीतरी द्यायलाच हवं होतं.

पहिल्याच सभेत मोर उभा राहिला.

"मंडळी, हे पान आपण दोनदा वापरतो, तीनदा वापरतो. मग शंभरदा का नाही? पान खराब कशानं होतं? उघडल्यानं! मग माझा साधा प्रश्न आहे. उघडायचं कशाला?"

एवढा साधा प्रश्न कुणाला सुचलाच नव्हता.

साळूबाई म्हणून एक साळिंदर होती. ती म्हणाली, "पण अध्यक्षसाहेब, उघडल्याशिवाय आत काय आहे ते कळणार कसं?"

"भावना कळली ना?" मोर म्हणाला.

टाळ्या पडल्या. साळूबाईनंही वाजवल्या.

तेव्हापासून नियम झाला. आलेला पुडा चार दिवस घरात दिसेल असा ठेवायचा आणि पुढच्या कार्याला पुढे द्यायचा. जो उघडेल तो कचरा करणारा. त्याचं नाव वडाखालच्या फळ्यावर.

आता जरा विचार करा. पुडा कुणी उघडणारच नसेल, तर आत बोरं घालायची कशाला? बोरं नासतात, मुंग्या लागतात, पान आतून कुजतं. पहिला खडा साळूबाईनंच घातला. ओढ्यातला, गुळगुळीत, बोराएवढा. कुणाला कळलं नाही. मग सगळ्यांनीच घातले, आणि जो तो समजे, की आपणच एकटे हुशार.

वर्षाअखेर समितीनं जाहीर केलं: वेष्टन आकर्षक, खर्च शून्य, कचरा शून्य.

भेटही शून्य, हे कुणी बोललं नाही.

तुम्ही कसले हसताय? तुमच्या घरी कपाटाच्या वरच्या खणात बघा. खोक्यातून कधी न काढलेला एक डबा असेल, नाहीतर काचेचे सहा पेले. वर आईनं बारीक अक्षरात चिठ्ठी लावलेली असेल, कुणाकडून आला त्याची. म्हणजे ज्यांचा त्यांनाच परत जायला नको. आईला विचारायला जाऊ नका. मार खाल.

पुढे काय झालं ऐका. काही द्वाड पोरं दोऱ्याचं टोक ओढून पुडे उघडायची. टाकाच तसा होता ना, उघडणारा. मग समितीनं ठरवलं, की टाक्यांवर राळ ओतायची. राळ म्हणजे झाडाचा चीक. तापवला की पातळ होतो, गार झाला की दगड.

माकड उंबरावर आलं. "सोनके, उद्यापासून राळेचं काम तुझ्याकडं."

"मी उघडायचा टाका केलाय. बंद करायचा नाही," सोनकी म्हणाली.

"तो आता समितीचा टाका आहे."

"हो का? मग समितीलाच घालू दे."

भुंड्या लगेच माकडाच्या डोळ्यावर झेपावणार होता. सोनकीनं त्याचा पंख धरून ठेवला.

माकड खाली बसलं. आवाज गोड केला. "असं बघ, अध्यक्ष म्हणत होते, या टाक्याला नाव द्यायचं. सोनकीचा टाका. फळ्यावर सगळ्यात वर, मानानं लिहायचं. राहील की नाही तुझं नाव? पण त्यासाठी समितीशी जरा जुळवून घ्यायला हवं."

माकड गेल्यावर सोनकीनं दोनदा पंख साफ केले, आणि ओढ्याच्या पाण्यात तोंड बघून आली. भुंड्यानं ते पाहिलं. आपल्या आक्काला काही हवं असू शकतं, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तिनं काम घेतलं. सकाळी राळेचं खापर निखाऱ्यावर चढायचं. पुडा आला की चोचीनं एक-एक टाका भरायचा. धूर असा, की डोळ्यांतलं पाणी थांबत नसे. भुंड्या दोनदा खापर उलथवून आला. दोन्ही वेळा सोनकीनं त्याला बदडलं आणि पुन्हा खापर चढवलं. थंडी सरेपर्यंत तिला खोकला लागला. फुलोरा येईपर्यंत तो खोकला तिच्या छातीत उतरला, आणि ती फांदीवरून उठेनाशी झाली.

जंगल कळवळलं. सगळ्यांना तिच्याबद्दल भावना होती. जो तो 'लवकर बरी हो' म्हणून एक पुडा घेऊन आला. फांदीवर रास लागली. सगळे तिनंच शिवलेले, तिनंच राळेनं भरलेले, आत खडे घातलेले. येणारा पुडा ठेवायचा, दोन श्वास मोजायचा, "बरं दिसतंय आज" म्हणायचा आणि जायचा.

"आक्का, काही खातेस?"

"गार पाणी आण रे. ओढ्याचं नको, झऱ्याचं आण."

भुंड्या झऱ्यावर जायचा. शेपटी नसलेल्या पाखराला लांब उडणं जड जातं. गेला, की अर्धा दिवस तिकडंच. परत यायचा तेव्हा पाणी कमी आणि पुडे जास्त झालेले असायचे. एकदा आला तर सोनकीला श्वास पुरत नव्हता. मान मागं पडली होती. चोच उघडी होती.

मग मात्र तो थांबला नाही. वैदू अस्वल टेकडीवरच्या गुहेत राहायचं. पण गुहेच्या तोंडाशी रांग, आणि रांगेवर चिटणीस माकड. रिकाम्या चोचीनं गेलेल्याला ते दिवसभर बसवून ठेवायचं, हे सगळ्या जंगलाला ठाऊक होतं. भुंड्यानं राशीकडं पाहिलं. सगळ्यात वर एक पुडा होता. नवा. पान गर्द हिरवं, कुर्डूचा तुरा ताजा, वर मोराचं बारीक पीस खोचलेलं. एवढा सुंदर पुडा त्यानं आजवर पाहिला नव्हता. तोच उचलला.

माकडाचे डोळे चमकले. पुडा त्यानं ठेवून घेतला. "वा! या, या. तुम्ही पुढं या."

भुंड्या आत गेला. "वैदूबाबा, चला. माझी आक्का... लवकर चला."

अस्वलानं मान वर केली. "अरे, काल मुळी पाठवली की. अजून दिली नाहीस?"

"कसली मुळी?"

"छातीची. ओली मुळी आहे. चघळायला दे, दोन दिवसांत उठेल. पण ओली आहे तोवरच. वाळली की नुसतं लाकूड."

"माझ्याकडं नाही आली."

"कावळ्यानं पोचवली म्हणून सांगितलं. तू नव्हतास, ती झोपली होती. मी म्हटलं, तशीच ने उघडी. तर ते माकड अडवतं. काहीही पाठवायचं तर पुड्यात, राळ लावून. सोनकी आजारी, म्हणून राळ त्यानंच ओतली. अध्यक्षाचा पाय मी बरा केला होता ना, म्हणून त्यानं त्यातल्या त्यात चांगला पुडा दिला. वर स्वतःचं पीस खोचलं."

भुंड्या तसाच मागं फिरला.

तो बाहेर आला तेव्हा माकडाचे हात रिकामे होते.

"पुडा कुठाय?"

"कोणता? तो होय. गेला की. साळूबाईच्या नातवाचं बारसं आज. तिकडं धाडला."

"त्यात औषध होतं!"

"असेल. मी बघितलं नाही," माकड अभिमानानं म्हणालं. "मी आजवर एकही पुडा उघडून बघितलेला नाही."

भुंड्या साळूबाईकडं गेला. ती बारशाच्या गडबडीत होती. "ये रे. तोंड गोड कर. काय, पुडा? अरे, इतका छान होता, मला घरात ठेवायला भीतीच वाटली. पोरांचे हात लागतात. मी तो लगेच प्रदर्शनाला दिला. सोनकी कशी आहे? बरं वाटतंय ना तिला? मी पुडा पाठवला होता, मिळाला?"

तुम्हाला वाटेल, ही साळूबाई दुष्ट होती. मुळीच नाही. त्या जंगलात दुष्ट कुणी नव्हतं. दुष्ट असते तर एखाद्यानं तरी पुडा फोडून आतलं चोरलं असतं.

वडाखाली प्रदर्शन भरलं होतं. मधोमध, उंच दगडावर, तो पुडा. खाली पाटी: उत्कृष्ट वेष्टन, प्रथम पारितोषिक. समोर मोर, पिसारा फुलवून.

भुंड्या सरळ पुड्यावर झेपावला. दोन रानकोंबड्यांनी त्याला वरच्या वर धरला.

"त्यात माझ्या आक्काचं औषध आहे! सोडा!"

मोरानं पिसारा मिटला. त्याला दुःख झालं, ते सगळ्यांना दिसेल असं झालं. "अरेरे. म्हणजे उघडावा लागणार."

तिथंच सभा भरली. एक म्हणाला, पारितोषिक मिळालेला पुडा उघडला तर लोकांनी काय समजायचं? दुसरा म्हणाला, औषध आहे याला पुरावा काय, उघडून बघितल्याशिवाय कसं कळणार? तिसरा म्हणाला, मग उघडून बघू. पहिला म्हणाला, तोच तर प्रश्न आहे. माकडानं सुचवलं, की पान न फाडता राळ काढणं एकटीलाच जमेल, जिनं आजवर ती भरली तिलाच. सोनकीला बोलवा.

"ती मरतेय!" भुंड्या ओरडला.

"म्हणून म्हणतो, लवकर बोलवा."

शेवटी मोरानं हात वर केल्यासारखा पंख वर केला. "पुडा मुलाला द्यावा. पण एका अटीवर. वेष्टन अखंड परत आलं पाहिजे. एक शीरसुद्धा फाटता कामा नये. आलं, तर मी शब्द देतो, आजच फळ्यावर सगळ्यात वर लिहू, सोनकीचा टाका. फाटलं, तर तुझ्या बहिणीचं नाव या जंगलात कुणी घेणार नाही. मान्य?"

भुंड्याला ती ओढ्याच्या पाण्यात तोंड बघताना आठवली.

"मान्य," तो म्हणाला.

हे असं असतं, बाळांनो. जन्मभर आधी झेप घेणारा एकदाच थांबून विचार करतो, आणि तो नेमका तिथं करतो.

उंबरावर पोचला तेव्हा दुपार होती. सोनकी जिवंत होती.

"आणलंय, आक्का. मुळी आहे यात. आता उठशील."

तिनं डोळे अर्धे उघडले.

भुंड्यानं दोऱ्याचं टोक शोधलं आणि ओढलं. दोरा हलला नाही. राळ दगडासारखी होती. चोचीनं टोचून बघितलं. एक कपची उडाली. म्हणजे निघेल. सावकाश केलं तर निघेल. त्यानं पान पायाखाली धरलं आणि पहिला टाका फोडायला घेतला. कपची, कपची, कपची. पानाला धक्का न लावता. असं काम त्यानं आयुष्यात केलं नव्हतं. पहिला टाका सुटला तेव्हा त्याला स्वतःचंच कौतुक वाटलं.

"बघ आक्का, एक सुटला. न फाडता."

"किती आहेत?" ती म्हणाली. आवाज कसला, नुसती हवा.

"बावीस. एकवीस राहिले."

ती काहीतरी पुटपुटली. त्यानं कान जवळ नेला.

"फाड."

"नाही गं. तुझं नाव लिहिणार आहेत. सगळ्यात वर. मोरानं शब्द दिलाय."

"फाड रे मेल्या."

"तूच म्हणायचीस ना, ओढायला शीक म्हणून? शिकलो आता. बघ तू. थोडाच वेळ थांब."

ती हसली असावी. हसण्यातून खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबेना. तेवढ्या वेळात त्यानं आणखी दोन टाके फोडले. उन्हं उतरली. दहा झाले. चोचीच्या टोकातून रक्त येत होतं. ते पानावर पडून डाग पडू नये म्हणून तो मधूनमधून चोच फांदीला पुसत होता.

"झाडावर... हजार आहेत," सोनकी म्हणाली.

"काय गं?"

"पानं."

"हो. बोलू नकोस. चार राहिले."

तीन. दोन. एक. शेवटच्या टाक्याची कपची उडाली. त्यानं दोऱ्याचं टोक चोचीत धरलं आणि ओढलं, आणि पुडा फुलासारखा उघडला. कुठं चीर नाही, डाग नाही, तुरासुद्धा जागेवर. आत मुळी होती. ओली. मोडल्यावर थेंब यावा इतकी ओली.

"आक्का, बघ!"

सोनकी बघत नव्हती. तिची चोच उघडी होती, आणि आता तिच्यातून काही आत जात नव्हतं आणि बाहेर येत नव्हतं.

भुंड्यानं मुळी तिच्या चोचीत ठेवली. ती खाली पडली. पुन्हा ठेवली. पुन्हा पडली.

तुम्हाला वाटेल गोष्ट इथं संपली. जंगलात गोष्टी इतक्या लवकर संपवत नाहीत. अजून दुखवट्याचा आहेर राहिला.

तेराव्या दिवशी सगळं जंगल उंबराखाली आलं. रिकाम्या हातानं कुणी नाही. भुंड्यासमोर पुडे रचले गेले. साळूबाई रडली. खरंच रडली. माकडानं मान खाली घातली. मोरानं तो बिनफाटका पुडा मागून घेतला, उंच धरला आणि सगळ्यांना फिरून दाखवला.

"बघा! बावीस टाके सुटले, पण पानाची एक शीर फाटली नाही. याला म्हणतात शिस्त. हा पुडा समिती जपून ठेवील. आणि दिलेल्या शब्दाप्रमाणे आजपासून या टाक्याचं नाव," इथं तो जरा थांबला, "सोनकी स्मृती मयूर टाका."

टाळ्या पडल्या. दुखवटा होता म्हणून हळू पडल्या.

भुंड्यानं मोराकडं बघितलं. मग समोरच्या राशीकडं बघितलं. मग पहिला पुडा पायाखाली घेतला आणि टर्रकन फाडला.

आतून खडा पडला. टक.

त्यानं दुसरा फाडला. टक. तिसरा. टक. ओढ्यातले गुळगुळीत खडे, बोराएवढे. तो एकेक पुडा फाडत गेला आणि ज्याचा होता त्याच्याकडं बघत गेला. साळूबाईनं रडणं थांबवलं. फांदीवर मागे राहिलेले पुडेही त्यानं खाली ढकलले, 'लवकर बरी हो' वाले. तेही फाडले. टक. टक. टक. साऱ्या आजारपणात तिच्या उशाशी एक ओढा भरेल एवढे खडे होते.

मला वाटलं होतं, आता तरी कुणाची मान खाली जाईल. तुम्हालाही वाटलं असेल. आपण सारखेच खुळे.

मोराला आधी कंठ फुटला. "अरे, अरे! एवढा कचरा!"

मग सगळ्यांनाच फुटला.

"चांगली पानं होती हो!"

"माझा तर अजून चार लग्नांना गेला असता."

"दुःख आहे, मान्य आहे. पण म्हणून इतकं?"

"बहीण कशी होती, आणि हा बघा."

"कुर्डूचे तुरेसुद्धा फाडले मेल्यानं!"

खड्यांबद्दल कुणी बोललं नाही. खडे ज्याचे त्यानं हळूच उचलून नेले. चांगले होते, पुन्हा उपयोगी पडतील.

माकडानं त्याच दिवशी फळ्यावर लिहिलं. सगळ्यात वर भुंड्याचं नाव आहे. तुम्ही गेलात तर अजून दिसेल. फाटलेली पानं उंबराखाली आठ दिवस पडून होती, मग वाळवीनं खाल्ली, सोनकी म्हणायची तशी. ओली मुळी भुंड्यानं सोनकी गेली त्याच दिवशी वैदूच्या गुहेसमोर नेऊन ठेवली होती, उघडी, नुसती, दगडावर, ज्याला लागेल त्यानं घ्यावी म्हणून. रांगेतल्या कुणी ती घेतली नाही. पुड्यात नव्हती ना. चार दिवसांत वाळून लाकूड झाली.

वर्षाअखेर समितीनं अहवाल वाचला. त्यात लिहिलं होतं: या वर्षी जंगलात एकदाच कचरा झाला. ओढ्याकाठच्या उंबराखाली, ढीगभर फाटकी पानं. त्याखेरीज काहीही वाया गेलं नाही.

तात्पर्य: भेट आकर्षक दिसावी, पैसे वाचावेत आणि कचराही होऊ नये, असं वाटत असेल तर आत असं काही घालू नका, की जे कुणाला हवं असेल. आणि कुणाला ते फारच तातडीनं हवं असेल, तर त्याला सांगा, जरा सांभाळून उघड, पान फाटेल.